मदत हवी आहे: आईच्या चित्रात तिच्या आयुष्याच्या खुणा सहज न दिसतील अशा कशा गुंफू?

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याची. आईचं मिश्र माध्यमातलं व्यक्तिचित्र करतेय. प्लायवर जेसो (रंगाआधी देतात तो पांढरा अस्तराचा थर), त्यावर अॅक्रिलिक, पदराच्या जागी तिच्याच लुगड्याचा तुकडा. चेहरा जमलाय, अडलंय तिच्या आयुष्याच्या खुणांपाशी.

आई मासे विकायची, म्हणून जाळं आणि शिंपले चिकटवले. चित्र पर्यटकांसाठीच्या शोभेच्या वस्तूसारखं दिसायला लागलं. सगळं काढून टाकलं. तिचं म्हणावं असं दुसरंच होतं: फुलांच्या दिवसांत केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसार (गजरा), आणि कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने मांडलेली गिऱ्हाइकांची उधारी. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टने १९०७ च्या आडेले ब्लॉख-बाउअरच्या चित्रात तेलरंगाबरोबर सोनं-चांदी वापरली आणि झग्याच्या नक्षीत तिची आद्याक्षरं मिसळली. शोधल्याशिवाय दिसत नाहीत. मला तसंच हवंय. उलट आपल्या सावंतवाडीत जन्मलेल्या चित्रकार हळदणकरांची निरांजनवाली बाई, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली. तिथे बोटांतून झिरपणारा उजेडच सगळं सांगतो, वेगळी खूण लागतच नाही. ते आठवलं की वाटतं, मी उगाच भर घालतेय का?

हिशेबाचा कागद गालाच्या रंगाखाली चिकटवून वरून पातळ थर दिला, तर जवळून अक्षरं दिसतील ना? की आधी त्याची प्रत काढून तीच वापरू? मूळ कागद एकच आहे. आणि आमच्याकडे पावसाळ्यात कापडाला बुरशी धरते. लुगड्याचा तुकडा चिकटवण्याआधी त्याला काय लावता? सुकवलेली सुरंगी कुणी चित्रात टिकवलीय का?