गिटमधले निव्वळ साफसफाईचे पॅच स्वीकारावेत का?

गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) प्रकल्पाच्या कोडिंग गाइडलाइन्समध्ये स्पष्ट लिहिलंय की खऱ्या बदलाची पूर्वतयारी म्हणून शैली सुधारली तर चांगलंच, पण केवळ शैलीसाठी कोड उलथापालथा करू नका. मी तर म्हणेन, असे पॅच (तपासणीसाठी पाठवलेले बदल) सरळ परत पाठवावेत. लिहिणाऱ्याचं काम शोधा-आणि-बदला करून उरकतं, तपासणाऱ्याला मात्र ओळन्‌ओळ वाचावी लागते. शेकडो निरुपद्रवी ओळींत एखादी अट उलटी झाली असेल, तर दमलेल्या डोळ्यांतून नेमकी तीच निसटते. वर त्याच फाइलवर 'सीन' आणि 'नेक्स्ट' या अजून पक्क्या न झालेल्या कामाच्या शाखांत इतरांचं काम चालू असतं. तिथले कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळींवर आदळणारे बदल) निस्तरायचे मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यानेच.

प्रतिसाद १
मुळीच पटलं नाही. साफसफाई म्हणजे रंगरंगोटी नव्हे. चाचण्यांमध्ये 'गिट लॉग'चं आउटपुट थेट पाइपने 'ग्रेप'ला (हवी ती ओळ शोधणाऱ्या कमांडला) दिलेलं असतं ना, तिथे शेल फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (ती यशस्वी झाली का ते सांगणारा आकडा) पाहतं. हवी ती ओळ छापून झाल्यावर गिट कोसळलं तरी चाचणी पास! आउटपुट आधी फाइलमध्ये घेतलं की हे भोक बुजतं. फाइल आहे का ते पाहणारं नुसतं 'टेस्ट -एफ' नापास झालं तर कारण कळत नाही, गिटच्या चाचण्यांतलं 'टेस्ट_पाथ_इज_फाइल' मात्र फाइल नसल्याचं सांगतं. गूगल समर ऑफ कोड या मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या उपक्रमासाठी येणाऱ्या नवख्यांना अशीच छोटी कामं देतात. मीही तशाच पॅचवर पहिल्यांदा पॅच पाठवायची रीत शिकले. तो परत आला असता तर मी पुन्हा फिरकले नसते.

धागालेखक
पाइपचं मान्य, पण तो बग आहे. कमिट (नोंदवलेला बदल) संदेशात तसंच लिहा, 'क्लीनअप' कशाला म्हणायचं? माझा आक्षेप नावं बदलणं, कंस हलवणं यांना आहे. कुठली ओळ कुठल्या कमिटमधून आली ते दाखवणारं 'ब्लेम' चालवावं तर मूळ कारणाऐवजी हाच कमिट समोर येतो.

प्रतिसाद २
ब्लेमसाठी 2019 च्या 2.23 आवृत्तीपासून '--इग्नोर-रेव्ह' आहे, त्याने नको तो कमिट वगळता येतो. हलवलेला कोड '--कलर-मूव्हड'ने वेगळा दिसतो. माझी अट एकच: हलवणं आणि बदलणं एका पॅचमध्ये नको. तसं आलं की मी पुढे वाचतच नाही, तोडून पाठवा म्हणतो.

धागालेखक
आणि जुन्या शाखेवर केलेली सुरक्षा दुरुस्ती वरच्या नव्या शाखांत मर्ज करताना (मिसळताना)? आजूबाजूच्या ओळी बदलल्या असतील तर तिथे कुठलाही पर्याय कामी येत नाही.

प्रतिसाद १
चाचण्यांच्या फाइलवर 'सीन'मध्ये कुणाचं काम नसेल, तर तेवढी साफसफाई तरी घ्या. नवख्याला आधी ते तपासायला सांगू. तेही शिकणंच आहे.