स्पार्क प्लग पण आहे आणि नोझल पण, हे नेमकं कुठलं बोट इंजिन?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. मी मूळचा गुहागरकडचा, सध्या नोकरीमुळे स्कॉटलंडात, ओबानच्या बाजूला असतो. इथल्या एका मित्राबरोबर अर्ध्या वाट्यात जुनी लाकडी मासेमारीची बोट घेतलीये. खरं सांगायचं तर बोटीपेक्षा आतलं मशीन बघून घेतली, कारण असलं काही मी आधी बघितलेलंच नाही, आणि ज्यांच्याकडून घेतली त्यांना वडिलांच्या पश्चात त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

नेमप्लेट गायब आहे, नुसती रिव्हेटची भोकं उरलीत. दोन सिलिंडर, उभं, सगळं ओतीव लोखंड, एवढ्याशा मशीनचं वजन विचारू नका. बाजूला क्रँककेसची छोटी दारं आहेत, नट काढले की आत हात जातो. आता गंमत बघा, याला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी बनवणारं यंत्र) आहे, दोन स्पार्क प्लग आहेत, एक बारकासा कार्ब्युरेटर आहे, म्हणजे सगळं पेट्रोल इंजिनाचं सामान, आणि त्याच मशीनला डिझेल पंप आणि प्रत्येक सिलिंडरला डिझेल फवारणारं नोझलसुद्धा! हेडजवळ एक लिव्हर आहे, इकडून तिकडे जातो पण नेमकं काय करतो कळत नाही. पंपावर सीएव्ही लंडन अशी प्लेट आहे आणि मॅग्नेटोवर बीटीएच. मित्र म्हणतो हे सीएव्हीचं इंजिन आहे, मला काही पटत नाही. कोणाला ओळखता येतंय का?

हर्णैचा मिस्त्री:
भाऊ पंपाच्या प्लेटवर अजिबात जाऊ नका. सीएव्ही म्हणजे पंप आणि नोझल बनवणारे, त्यांचा पंप शंभर जातीच्या मशीनवर सापडेल. बीटीएच मॅग्नेटोचंही तेच. आणि एवढ्या वर्षांत पंप किती वेळा बदलला असेल कोण जाणे. पंपावरून मशीन ओळखणं म्हणजे टायरवरून गाडी ओळखण्यासारखं झालं.

मला पहिलं वाटलं पेट्रोल-रॉकेलवालं असेल. आपल्याकडे रॉकेलवरची आऊटबोर्ड मशीनं चालतात ना, पेट्रोलवर चालू करायची आणि गरम झाली की रॉकेलवर टाकायची, तशी आतल्या बाजूची मशीनंसुद्धा एके काळी खूप होती. पण त्याला नोझल कशाला लागेल? रॉकेल पण कार्ब्युरेटरमधूनच जातं. तेव्हा ते नाही. आणि हेडवर लोखंडी गोळा आहे का, ज्याच्याखाली बत्ती लावून तो लाल करायचा? तसं असेल तर सेमी डिझेल, स्वीडनची बोलिंडर वगैरे त्या जातीची. पण मॅग्नेटो आहे म्हणजे तेही नसणार.

सांगलीचा ट्रॅक्टर:
बोटीतलं मला शून्य कळतं पण हा प्रकार मी ट्रॅक्टरमधे बघितलाय म्हणून लिहितो. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९३५ साली डब्ल्यूडी-४० काढला, तो अगदी असाच. डिझेल इंजिन थंडीत हँडल मारून चालू करणं म्हणजे खांदा निखळवून घेणं, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जाणं, प्रचंड. मग त्यांनी हेडमधे एक जास्तीची पोकळी ठेवली आणि तिच्या तोंडाला व्हॉल्व्ह. लिव्हर ओढला की व्हॉल्व्ह उघडतो, वरची जागा वाढते, कॉम्प्रेशन उतरतं आणि हवा कार्ब्युरेटरमधून यायला लागते, म्हणजे तेवढ्यापुरतं ते साधं पेट्रोल इंजिन झालं. प्लग ठिणगी टाकतो, मशीन फिरायला लागतं, मग लिव्हर उलटा टाकायचा, पोकळी बंद, डिझेल सुरू. तुमचा तो न कळणारा लिव्हर बहुतेक हाच असणार.

फक्त एक अडचण आहे. इंटरनॅशनलची ही मशीनं चार नाहीतर सहा सिलिंडरची. दोन सिलिंडरचं माझ्या माहितीत नाही.

नॅरोबोट पुणेकर:
वरच्या दोघांनी निम्मं काम केलंच आहे. मी इंग्लंडात कालव्यावरच्या बोटीत राहतो आणि जुन्या इंजिनांचा नाद असलेली मंडळी इथे पावलोपावली भेटतात. खाडीकाठचे, तुम्ही स्कॉटलंडात, दोन सिलिंडर, पेट्रोलवर स्टार्ट होणारं डिझेल, क्रँककेसला दारं, हे केल्विन आहे. ग्लासगोची बर्जियस कंपनी. वॉल्टर बर्जियस या माणसाने १९०४ मधे मोटारगाड्या बनवायला काढल्या, गाड्या मोजक्याच झाल्या, पण १९०६ मधे त्यातलंच इंजिन वल्ह्याच्या होडीत बसवून बघितलं आणि तिथून धंद्याने वळणच बदललं. स्कॉटिश कोळ्यांनी पुढे ही मशीनं डोक्यावर घेतली.

पेट्रोल-स्टार्ट डिझेल त्यांनी १९३० च्या दशकात काढली, त्यात दोन घराणी आहेत, जे आणि के. पुढचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तुमचं एकतर जे२ किंवा के२. जे चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, साडेचार इंच, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, सहा, सिलिंडरमागे ११ हॉर्सपॉवर आणि तीही हजार आरपीएमवर. के मोठा भाऊ, बोअर सहा, स्ट्रोक नऊ, सिलिंडरमागे २२ हॉर्सपॉवर, साडेसातशे आरपीएमवर. हेड उघडायची काही गरज नाही. प्लग काढून ठेवा, क्रँककेसचं दार उघडा, कोणाला तरी हाताने मशीन हळू फिरवायला सांगा आणि बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक, अगदी वरून अगदी खालपर्यंत किती सरकतो ते पट्टीने मोजा. जे आणि के मधे तीन इंचांचा फरक आहे, डोळ्यांनीसुद्धा कळेल.

आणि रंगावर विश्वास ठेवू नका, जो मालक येतो तो आपल्या आवडीचा डबा ओततो.

हर्णैचा मिस्त्री:
हे बेस आहे, पेट्रोलवर चालू होणारं डिझेल मी तरी हाताळलेलं नाही. एक बघा, पाने कुठले लागतायत? मिलिमीटरचे सगळे सैल किंवा घट्ट होत असतील तर व्हिटवर्थ आहे, म्हणजे जुनं ब्रिटिश इंची माप. त्याच्या पान्यावरचा आकडा नटाच्या कडेचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून अर्ध्याचा पाना बघून नवीन पोरं गोंधळतात. नट व्हिटवर्थचे निघाले की युरोपातली निम्मी नावं आपोआप गळतात, नॉर्वेचं सॅब, डेन्मार्कचं बुक वगैरे. पण एका नटावरून ठरवू नका, बदललेला असू शकतो, मोठ्या स्टडचे बघा.

अलिबाग लाँच:
मधेच घुसतो, सॉरी. आमच्याकडे शेडमधे एक चार सिलिंडरचं मशीन पडलंय, प्लेट नाही, पण ब्लॉकच्या कास्टिंगवर सिम्पसन असं उठावात आहे. हे पण कुठलं ब्रिटिश मशीन आहे का?

हर्णैचा मिस्त्री:
नाही हो, ते चेन्नईचं सिम्पसन, पर्किन्सच्या डिझाइनवर इथेच बनतं. मुळात ट्रॅक्टर नाहीतर ट्रकचं मशीन असणार, नंतर कोणीतरी बोटीत बसवलंय. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला पाण्याचं जॅकेट आहे का बघा, समुद्राच्या पाण्याचा वेगळा पंप आहे का बघा. बोटीसाठीचं सामान नंतर जोडलेलं असतं आणि त्याच्यावर वेगळ्याच कंपनीचं नाव असतं, त्याने फसू नका. ब्लॉकवर ओतलेलं नाव खरं. आणि तुमच्या मशीनचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथे सगळाच काला होईल.

खाडीकाठचा:
मंडळी, मोजलं! मित्राने फिरवलं, मी पट्टी धरली, स्ट्रोक सहा इंच, अगदी नीट सहा. म्हणजे जे२, बरोबर ना? शिवाय एका सपाट मशिन केलेल्या जागेवर रंगाचे थर खरवडल्यावर पाच आकडी नंबर ठोकलेला सापडला. नट सगळे व्हिटवर्थ, मिस्त्री म्हणाले तसे. मित्राला आता सीएव्ही म्हणून चिडवतो.

आता चालू कसं करायचं? फिरतंय मोकळं, पण धाडस होत नाहीये.

नॅरोबोट पुणेकर:
अभिनंदन, २२ हॉर्सपॉवरचं घरंदाज मशीन मिळालंय. नंबर जपून ठेवा, केल्विनच्या नंबरांवरून कधीचं मशीन ते लागतं. सुटे भागही मिळतात, ग्लासगोतलीच ब्रिटिश पोलर नावाची कंपनी केल्विनचं बघते. तो नंबर कळवून आधी पुस्तिका मागवा, ती हातात आल्याशिवाय हात लावू नका.

क्रम साधारण सांगलीकरांनी सांगितला तसाच. डिझेल बंद, लिव्हर पेट्रोलकडे, कार्ब्युरेटर भरून घ्यायचा, हँडल मारायचं. पेट्रोलवर फक्त वेग पकडेपर्यंत, मग लिव्हर उलटा आणि डिझेल चालू. पेट्रोलवर उगाच रेंगाळायचं नाही. सगळ्यात आधी मात्र तो लिव्हर आणि त्यामागचे व्हॉल्व्ह दोन्हीकडे पूर्ण बसतायत का ते तपासा. डिझेलच्या वेळी व्हॉल्व्ह नीट मिटला नाही तर कॉम्प्रेशन गळणार आणि तुम्ही बिचाऱ्या नोझलना दोष देत बसणार.

दुसरं म्हणजे पेट्रोल. डिझेलवाल्या बोटीत लोक निर्धास्त असतात, पण तुमच्या बोटीत पेट्रोलची टाकी पण आहे, छोटी का असेना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी जाऊन बसते आणि वास येईलच असं नाही. चालू करण्याआधी सगळी झाकणं उघडून हवा खेळू द्या, कार्ब्युरेटर भरताना सांडलं तर पुसून काढा आणि मॅग्नेटोच्या जुन्या वायरी बदलूनच टाका, तडकलेल्या वायरीतून ठिणगी बाहेर उडते.

सांगलीचा ट्रॅक्टर:
मॅग्नेटो वर्षानुवर्षं पडून असेल तर कॉइल आणि कंडेन्सर गेलेला असण्याचीच शक्यता जास्त. आमच्याकडे जुन्या मॅग्नेटोचं पहिलं दुखणं हेच असतं. प्लग काढून बॉडीला टेकवा, फिरवा आणि ठिणगी बघा. निळी कडक पाहिजे, पिवळी मरतुकडी असेल तर आधी तो बांधून घ्या. आणि हो, ही तपासणी पेट्रोल भरायच्या आधी, नंतर नाही.

हर्णैचा मिस्त्री:
त्या लिव्हरचा जवळून फोटो टाका दादा, दोन्हीकडचा. आणि चालू झालं की व्हिडिओ, आवाजासकट.

खाडीकाठचा:
फोटो उद्या टाकतो, आज इथे पाऊस आडवा येतोय. मॅग्नेटो काढून घरी आणलाय, किचनच्या टेबलावर ठेवलाय, बायको काही बोलली नाहीये अजून.