न्यूरोसायन्समधील पीएच.डी.: प्रयोग निवडावा की गणित?

प्रश्न
माझी पदव्युत्तर पदवी भौतिकशास्त्रातील असून न्यूरोसायन्सच्या पीएच.डी.चे पहिले वर्ष संपत आले आहे. तीन प्रयोगशाळांत रोटेशन (प्रत्येकीत काही आठवडे काम) केल्यावर आता निवड दोन ठिकाणांवर येऊन थांबली आहे. एका ठिकाणी उंदरांच्या मेंदूच्या कापांवर पॅच-क्लॅम्पने, म्हणजे पेशीतील सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजण्याच्या तंत्राने, नोंदी घेतात, तर दुसरीकडे इतरांनी घेतलेल्या नोंदींवरून गणिती प्रारूपे तयार करतात. गणित मला जमते. पॅच-क्लॅम्पच्या सहा आठवड्यांत मात्र एकही नोंद धड मिळाली नाही. जे जमते तेच निवडावे का?

प्रतिसाद १
सहा आठवड्यांत नोंद मिळाली नाही, यात नवल काहीच नाही. सुमारे एक मायक्रोमीटर तोंडाची काचेची पिपेट पेशीच्या आवरणाला टेकवून, हलक्या शोषणाने गिगाओम (अब्ज ओहम) रोधाची, म्हणजे प्रवाह गळू न देणारी पकड बसवणे हे हाताचे कसब आहे आणि ते जाणकाराशेजारी बसूनच येते. (हे तंत्र घडवणाऱ्या नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका आयन-मार्गिकेतील, म्हणजे आवरणातल्या आयन ये-जा करणाऱ्या सूक्ष्म वाटेतील, प्रवाह नोंदवला, तेव्हा त्यांनाही इतकी घट्ट पकड साधली नव्हती, ती काही वर्षांनी साधली.) गणित तुम्ही पुढेही वाढवू शकाल, पण पीएच.डी.नंतर नव्याने पिपेट धरायला शिकवणारे कोणी सहसा भेटत नाही.

प्रतिसाद २
मी याच्याशी अर्धाच सहमत आहे, कारण विश्लेषण आपोआप येते हा समज मला अनेक प्रबंधांत महागात पडलेला दिसला आहे. चार उंदरांतून साठ पेशींच्या नोंदी घेतल्या म्हणजे साठ स्वतंत्र निरीक्षणे झाली, असे होत नाही. एकाच उंदरातील पेशी एकमेकींसारख्या असू शकतात, आणि ते गणितात धरले नाही तर नसलेला फरकही ठळक दिसू लागतो. उलट, नोंद चालू असताना पिपेट आणि पेशी यांच्यामधला रोध वाढला तर प्रवाह लहान दिसतो, आणि ज्याने ते कधी पडद्यावर पाहिलेले नाही तो त्या घटीला जैविक बदल समजून त्यावर सुंदर समीकरण मांडतो. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर (चेतापेशीच्या लांब तंतूवर) स्वतः मोजमापे घेतली आणि १९५२ मध्ये त्यातून जाणाऱ्या विद्युतसंदेशाची समीकरणेही स्वतःच मांडली. त्यांची उकल हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर काढली होती.

प्रश्नकर्ता
म्हणजे दोन मार्गदर्शक घ्यावेत का?

प्रतिसाद २
दोघांचे आधीपासून एकत्र काम असेल तरच घ्यावेत, नाहीतर दोघांच्या अपेक्षांमध्ये तुमचीच ओढाताण होईल. तसे नसेल, तर पॅच-क्लॅम्पची प्रयोगशाळा घेऊन दुसऱ्या मार्गदर्शकांना सल्लागार समितीत येण्याची विनंती करावी. त्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकांतात विचारावे, की पहिली वापरण्याजोगी नोंद मिळायला त्यांना किती महिने लागले आणि त्या काळात मार्गदर्शक त्यांच्याशी कसे वागले.