एसजीओटी वाढलं म्हणजे लिव्हरच, असं नाही
रक्ततपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन एन्झाइम्स वाढलेली दिसली की 'दोन्ही आकडे वाढले म्हणजे लिव्हर खराब, दारू बंद करा' असा सल्ला मिळतो. दारूचं ठीक, पण निदान घाईचं आहे. एसजीओटी स्नायूंत, हृदयात, लाल पेशींतही असतं. एसजीपीटी मुख्यतः यकृतातलं, तरी जोरदार व्यायामानंतर तेही चढतं. माझ्या भाच्याने नव्याने जिम लावली आणि लगेचच्या मेडिकल तपासणीत दोन्ही वर. थेंबही न घेणाऱ्या पोराची घरच्यांनी काय उलटतपासणी घेतली! डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) करायला लावलं, ते चिक्कार वाढलेलं आणि जीजीटी (यकृत-पित्तमार्गाच्या त्रासात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल. म्हणजे माल स्नायूंतून आलेला. वजनं उचलणं थांबवून पुन्हा तपासलं तेव्हा एसजीओटी आधी उतरलं, एसजीपीटी रेंगाळलं. कारण एसजीओटीचं रक्तातलं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) साधारण १७ तास, एसजीपीटीचं ४७.

आणि हे आकडे पेशींना इजा झाल्याचं सांगतात, यकृत काम किती करतंय ते नाही. त्यासाठी अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन), बिलिरुबिन (यकृत बाहेर टाकतं ते पिवळं द्रव्य), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघतात. सिरॉसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणं) झालेल्याचं एसजीपीटी अगदी नॉर्मलही येऊ शकतं, तेव्हा नुसतं 'नॉर्मल आलं' म्हणूनही निर्धास्त होऊ नका.