मुलाचा ताबा निम्मा-निम्मा असेल, तर त्याच्या निर्वाहाचा खर्च कसा वाटावा?

तिन्हीसांज: आम्ही पुण्यात परस्परसंमतीने घटस्फोट घेत असून नऊ वर्षांचा मुलगा एक आठवडा माझ्याकडे आणि एक आठवडा वडिलांकडे राहणार आहे. माझा पगार ४५,००० रुपये, त्यांचा ९०,०००. दिवस सारखे असल्याने कोणी कोणाला काही द्यायचे नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. अटींत काय लिहावे? वकिलांसाठी १५,००० रुपयांहून अधिक खर्च मला झेपणार नाही.

माजी_पक्षकार: ज्येष्ठ वकीलच करा. मी ८०,००० मोजले, परंतु एकाही अटीवरून पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही.

निंबोणी: दिवस मोजून रक्कम काढण्याचे सूत्र आपल्या कायद्यात नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ चे कलम २० ही जबाबदारी आई आणि वडील दोघांवरही टाकते. पद्मजा शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, दोघेही कमावते असताना, मुलांचा खर्च वडिलांवर दोन हिस्से आणि आईवर एक हिस्सा असा वाटला होता. तुमच्या पगारांचे प्रमाणही तेच आहे. त्यावर दरमहा रक्कम ठरवा.

डोंगरवाट: मी दरमहा १८,००० देतो, शिवाय मुलगी महिन्यातले बारा दिवस माझ्याकडे असते. त्या दिवसांचे जेवण, औषधे, रिक्षा कोणीच मोजत नाही. वडिलांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही.

निंबोणी: जेवण दोन्ही घरी सारखे पडते, हे मान्य, शाळेची फी मात्र दिवसांप्रमाणे वाटली जात नाही.

आजोळ: एकरकमी घेऊन मुदत ठेवीत टाका. मी सहा लाख घेतले होते. अकरावीच्या क्लासपर्यंत पुरले.

माजी_पक्षकार: एकरकमी घेतलेत, तरी यापुढे मुलासाठी काहीही मागणार नाही, असे लिहून देऊ नका. निर्वाह हा मुलाचा हक्क आहे, तो आईने सोडून देता येत नाही. आणि वकील ज्येष्ठच असू द्या.

तिन्हीसांज: सर्वांचे वाचले. दरमहा रक्कमही नको आणि एकरकमीही नको, असे मी ठरवले आहे. शाळेची फी आणि आरोग्यविम्याचा हप्ता वडील थेट भरतील, क्लास आणि कपडे माझ्याकडे राहतील, आणि जेवण ज्याच्या घरी त्याचे. वर्षाची बेरीज दोनास एकच्या जवळ जाते, हे त्यांनाही पटले. दर जूनमध्ये आकडे पुन्हा तपासण्याची अट घातली आहे. १२,००० रुपयांत मसुदा करून देणाऱ्या वकीलही मिळाल्या.

डोंगरवाट: फी थकली, तर शाळेचा फोन तुम्हालाच येईल.

तिन्हीसांज: येऊ शकेल. परंतु दर महिन्याच्या पाच तारखेला पैशांसाठी त्यांना फोन करणे मला नको आहे, आणि मुलाने तो ऐकणे तर मुळीच नको आहे.