मंदाकाकूंचा फ्रिज आणि ३ किलो मटार (इंदूरच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून)

मंदाकाकू बी-२०४: नमस्कार मंडळी. परत तेच. फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर बोटभर बर्फ अन् खाली दूध नासलं. मेकॅनिक १८०० घेऊन गॅस भरून गेला, ५ दिवस नाही टिकलं

शरदकाका सी-३०१: रबर बघा. दारात नोट धरून दार लावायचं, नोट सहज ओढली गेली तर रबर गेलं.

विवेक ए-३०३: काकू बर्फ सराफ्यात गोळेवाल्याला द्या, १८०० वसूल 😂

शैलाताई सी-१०४: इतकं काय त्यात, आम्ही सुरीने खरवडतो ५ मिनिटांत मोकळा

नितीन ए-१०२: ताई सुरी नको!! गॅसच्या नळीला भोक पडलं की संपला फ्रिज. आणि नवीन फ्रिजमधला आर-६००ए गॅस पेट घेतो

शैलाताई सी-१०४: १२ वर्षं खरवडतेय. सगळ्यांच्या घरी इंजिनीअर नसतात

शरदकाका सी-३०१: रबर बघितलं का?

नितीन ए-१०२: काकू तुमचा फ्रॉस्ट फ्री आहे ना

मंदाकाकू बी-२०४: हो रे, बर्फ जमणारच नाही म्हणून तर जास्तीचे पैसे घेतले होते दुकानदाराने

नितीन ए-१०२: जमतो सगळ्यांतच, पण यात आत एक हीटर असतो तो काही तासांनी लागून बर्फ वितळवतो, पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये जाऊन आटतं. तो हीटर किंवा त्याचा थर्मोस्टॅट, फ्यूज काही गेलं की बर्फ वाढतच जातो आणि पंख्याची हवा खाली पोचत नाही म्हणून वर बर्फ अन् खाली गरम. गॅस कमी असता तर कॉइलच्या एखाद्या कोपऱ्यातच बर्फ धरला असता, अख्ख्या भिंतीवर नाही

मंदाकाकू बी-२०४: मग ५ दिवस कसा चालला?

नितीन ए-१०२: गॅस भरायला फ्रिज किती वेळ बंद होता?

मंदाकाकू बी-२०४: अख्खा दिवस. अगं बाई. म्हणजे नुसता वितळला म्हणून!!

विवेक ए-३०३: १८०० मध्ये नुसता स्विच बंद केला मेकॅनिक भियाने

प्राचीताई बी-१०४: मंदाताई वितळवाल तेव्हा खाली टॉवेल घाला प्लीज. आमचं सीलिंग विसरलो नाही आम्ही

मंदाकाकू बी-२०४: ते पाणी तुमच्याच पाइपाचं होतं, प्लंबरने सगळ्यांसमोर सांगितलं होतं

सेक्रेटरी: सदस्यांना नम्र विनंती, जुने विषय काढू नयेत. ११ जणांचा मेंटेनन्स बाकी आहे.

शरदकाका सी-३०१: पावसाळ्यात दमट हवा आत जाते. रबर.

मंदाकाकू बी-२०४: काका बघितलं. इतकं घट्ट आहे की २० ची नोट फाटली

शरदकाका सी-३०१: मग वरच्या बाजूला बघा.

नितीन ए-१०२: काकू आज प्लग काढून दारं उघडी ठेवा, २४ तास. उद्या मल्टिमीटर घेऊन येतो, हीटरची लाइन चेक करू. पार्ट महाराणी रोडला मिळेल बहुतेक, मॉडेल नंबरचा फोटो टाका. आणि परत भरताना मागची जाळी सोडून ठेवा, हवा तिथूनच येते

मंदाकाकू बी-२०४: देव भलं करो तुझं. पण हिवाळ्यातले ३ किलो मटार आहेत सोलून ठेवलेले, एका दिवसासाठी कुणाच्या फ्रीझरमध्ये जागा आहे का?

(४० मिनिटांनी)

मंदाकाकू बी-२०४: ३२ जणांनी वाचलंय मेसेज

सेक्रेटरी: आमच्याकडे आइस्क्रीम आहे.

शैलाताई सी-१०४: पाठवा माझ्याकडे. कालच खरवडलाय, मोकळा आहे