वाय अ‍ॅक्सिसला दुसरी मोटर लावू का? सल्ला हवाय

सावंतवाडी_लाकूडकाम
नमस्कार मंडळी. घरीच बनवलेला ४ बाय ४ फुटी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन) आहे, दाराची पॅनल आणि मखराची जाळी कापतो. वाय अ‍ॅक्सिसला (पुढे-मागे सरकायला) फक्त डावीकडे १६०५ बॉलस्क्रू (१६ मिमी जाड, एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा) आणि नेमा २३ मापाची स्टेपर मोटर (एकेक स्टेप करत फिरणारी), त्यामुळे गॅन्ट्रीची (कटर धरणाऱ्या आडव्या पुलाची) उजवी बाजू मागे रेंगाळते. काल सागाची चौकट कापली तर दोन कर्णांत ३ मिलिमीटर फरक, पट्टी कोपऱ्यात बसेचना. दुसरा स्क्रू-नट कपाटात पडून आहे. दुसरी मोटर घेतली तर दोन्ही एकाच ड्रायव्हरला (मोटरला करंट देणाऱ्या सर्किटला) जोडू की वेगळा घेऊ? अर्डुइनो बोर्डावर जीआरबीएल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आहे. बजेट ७ हजार, चतुर्थीच्या आधी मशीन चालू हवं.

मिरजोळे_फिटर
भाऊ साध्या स्टेपरचा नाद सोड, क्लोज्ड लूप (किती फिरली ते स्वतः तपासणाऱ्या) मोटर घे दोन. माझ्याकडे दोन वर्षं चालतायत, एक स्टेप चुकलेली नाही, चुकलीच तर ड्रायव्हर अलार्म देतो. पैसे जातात पण झोप लागते.

सावंतवाडी_लाकूडकाम
दादा, ७ हजार लिहिलंय वर.

कुडाळ_वर्कशॉप
वेगळे ड्रायव्हरच. एकावर दोन मोटर सिरीज केल्यास तर इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा विरोध) दुप्पट होतो, वेग वाढवला की टॉर्क (फिरवायचा जोर) पडतो, आणि पॅरलल केल्यास तर करंट दुप्पट लागतो, टीबी६६०० सारखा स्वस्त ड्रायव्हर तिथेच दमतो. दोन ड्रायव्हर घे, स्टेप आणि डिरेक्शनचे सिग्नल बोर्डाच्या त्याच पिनांवरून दोघांना दे, मायक्रोस्टेपचे (एका स्टेपचे किती भाग करायचे त्याचे) स्विच दोन्हीकडे सारखे ठेव. मोटर एकाच टोकाला असतील तर दिशा सारखीच राहते, समोरासमोर बसवल्यास तर एकीच्या एका कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. आणि करंट चालू असताना मोटरची वायर काढू नको, ड्रायव्हर जातो.

चिपळूण_सुतार
दोन ड्रायव्हर माझेही होते. काम चालू असताना एकाचा कनेक्टर सैल झाला, ती मोटर थांबली आणि दुसरी ढकलतच राहिली. बेअरिंग ब्लॉक (बॉलस्क्रूचं टोक धरणारा ठोकळा) स्क्रूसकट उपटला, प्लायचा तुकडा घेऊन आला हातात. कनेक्टर घट्ट बघ रे बाबा.

गुहागर_किनारा
मोटरपेक्षा गंज बघा आधी. आमचं शेड समुद्राच्या वाऱ्यावर, पावसाळ्यात आठ दिवस मशीन बंद राहिलं की बॉलस्क्रूवर लाल पूड. दर शनिवारी तेलाचं फडकं फिरवतो, वरून ताडपत्री नाही, सुती चादर, ताडपत्रीखाली घाम धरतो.

मिरजोळे_फिटर
ताडपत्रीने काही होत नाही, माझी पाच वर्षं झाकलेली आहे.

गुहागर_किनारा
तुमचं शेड एमआयडीसीत, आमचं वाळूत. फरक पडतो.

राजापूर_मेकर
मुद्दा राहिला. दोन मोटर लावल्या तरी गॅन्ट्री काटकोनात कोण आणणार? दोन्ही बाजूंना वेगळा लिमिट स्विच (टोकाला टेकलं की कळवणारा) हवा, होमिंगला (मशीन सुरुवातीच्या जागी नेताना) प्रत्येक मोटर आपापल्या स्विचवर थांबायला हवी. मी ग्रबलहॅल (जीआरबीएलचाच पुढचा अवतार) टाकलं, त्यात ऑटो स्क्वेअरिंग (गॅन्ट्री आपोआप काटकोनात आणणं) आहे, पण बोर्ड बदलावा लागला.

देवरूख_जुना_हात
मग एकच मोटर ठेवा ना. दोन स्क्रू, दोन सारख्या पुली, मध्ये टायमिंग बेल्ट (दात असलेला, न घसरणारा पट्टा). दोन बाजू वेगळ्या फिरूच शकत नाहीत.

कुडाळ_वर्कशॉप
काका, चार फुटांचं अंतर म्हणजे अडीच मीटरच्या वरचा बंद बेल्ट, ताण धरायला आयडलर (जास्तीची मोकळी पुली), शिवाय एका मोटरवर सगळा भार. वेगळे ड्रायव्हर म्हणतो ते ऐका.

चिपळूण_सुतार
+१ वेगळे ड्रायव्हर. कनेक्टर घट्ट.

सावंतवाडी_लाकूडकाम
सगळ्यांचे आभार. बेल्टच लावला. आमच्याकडे पावसात दिवसातून तीनदा लाइट जाते, मग गॅन्ट्री हाताने सरकवावी लागते, तेव्हा दोन सुट्या मोटर असत्या तर दर वेळी वाकडी झाली असती. मोटर जुनीच आहे, फीड (कापताना सरकायचा वेग) थोडा कमी केलाय, भार पेलतेय. गॅन्ट्री पुढच्या दोन्ही स्टॉपना टेकवली, एका पुलीचे ग्रब स्क्रू (पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारे बिनडोक्याचे स्क्रू) सैल करून परत आवळले. आज पॅनल कापलं, कर्णांत फरक अर्धा मिलिमीटर.

देवरूख_जुना_हात
ग्रब स्क्रूला थ्रेडलॉक (आटे सुटू न देणारा गोंद) लावा, आणि शाफ्टवर त्याच्या जागी कानसने सपाट करून घ्या. महिन्याने सुटतात.